‘विकणे नाही’चा कोपरा

आमच्या घरी शनिवारी दोन माणसं पेपर वाचायची, आणि दोघांच्या वाचण्यात फार फरक होता. वडील चारही पानं अथपासून इतिपर्यंत वाचायचे. पेपर त्यांनीच छापलेला असायचा आणि चूक असलीच तर ती जागांच्या एजंटांच्या आधी आपल्याला सापडावी एवढाच त्यांचा हेतू. आई मात्र एकच ओळ वाचायची, शेवटच्या पानावर खाली, डाव्या कोपऱ्यातली. शाळा चौथीपर्यंतच झाल्यामुळे ती ओळीखालून बोट फिरवत वाचायची, ओठ हलवत. वाचून झालं की पेपरची घडी घालायची आणि म्हणायची, "हाय. चला, जेवा आता."

पेपर म्हणजे आमचं स्वतःचं साप्ताहिक. लोणावळ्याच्या बाजारात चिक्कीच्या दोन दुकानांमध्ये एक चिंचोळा गाळा होता, त्यात ते निघायचं. एका भिंतीतून गुळाचा पाक कढल्याचा वास, दुसऱ्या भिंतीतून शेंगदाणे भाजल्याचा, आणि मधोमध आमची शाई. पेपरात राजकारण नाही, भविष्य नाही, कोडं नाही. फक्त जागा. बंगला विकणे आहे, प्लॉट विकणे आहे, शेतजमीन विकणे आहे, सीझनपुरती खोली भाड्याने देणे आहे. त्याला एक भारदस्त संस्कृत नाव होतं, पण ते फक्त पहिल्या पानावर असायचं. सगळा गाव त्याला ‘जागेचा पेपर’ म्हणायचा.

वडील मूळचे दुसऱ्याच्या छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवणारे. लग्नपत्रिका आणि हॉटेलांची बिलबुकं छापता छापता त्यांच्या लक्षात आलं, की मुंबईचे पाहुणे पत्ता विचारायला छापखान्याच्या दारात थांबतात आणि जाता जाता विचारतात, इकडे एखादी जागा मिळेल का हो? दहा जणांनी विचारल्यावर वडिलांनी मनात पेपर काढला आणि पुढच्या वर्षी कागदावर. जुनं ट्रेडल मशीन घेतलं. ते पायाने चालवायचं असे, आणि आईचं म्हणणं होतं की वडिलांचा उजवा पाय डाव्यापेक्षा जाड आहे तो त्यामुळेच.

त्यांचा एक नियम होता आणि त्या नियमापायी धंदा कधी फारसा वर आला नाही. जागा स्वतः पाहिल्याशिवाय जाहिरात छापायची नाही. आधी सायकलवर जायचे, नंतर माझ्या स्कूटरवर मागे बसून. ‘स्टेशनपासून पाच मिनिटे’ असं एजंटाने लिहून आणलं की वडील स्टेशनवर जाऊन चालायला लागायचे. वीस मिनिटं लागली तर वीस छापायचे. एकदा तुंगार्लीतल्या एका बंगल्याची जाहिरात आली, ‘तलावाचे विहंगम दृश्य’. आम्ही सगळ्या खिडक्यांतून डोकावलो, गच्चीवर गेलो, तलाव काही दिसेना. शेवटी वडील पाण्याच्या टाकीवर चढले. शनिवारी छापून आलं, ‘टाकीवरून तलाव दिसतो’. एजंट तांबडालाल होऊन आला. पण बंगला त्याच आठवड्यात गेला. घेणारा म्हणाला, एवढं खरं लिहिणाऱ्या माणसाची जागा आपण न बघता घेऊ. वडील यावर महिनाभर खूश होते आणि आम्हाला तो महिनाभर तीच गोष्ट ऐकावी लागली.

आता कोपऱ्याबद्दल सांगते.

आईचं माहेर मळवलीचं. ती एकुलती एक, म्हणून आजोबांमागे त्यांचं भाताचं एक खाचर तिच्याकडे आलं. आमच्याकडे प्रत्येक खाचराला नाव असतं. सातबाऱ्यावर नुसता गट नंबर, पण माणसं नावाने बोलतात. आईच्या खाचराच्या बांधावर करंजाचं झाड होतं, म्हणून ते करंजाचं खाचर. त्याच्या वरचं दगडीचं खाचर. ते ज्यांचं होतं त्यांना आम्ही मामा म्हणायचो. रक्ताचं नातं नव्हतं, पण आईच्या माहेरचा प्रत्येक पुरुष आम्हाला मामाच. पावसाचं पाणी डोंगरावरून उतरून आधी मामांच्या खाचरात साठायचं, तिथून बांधातल्या मोरीतून आईच्या खाचरात यायचं. आवणीच्या, म्हणजे भाताचं रोप लावायच्या दिवसांत एकमेकांच्या रानात सगळे मिळून राबायचे, आज तुमचं, उद्या आमचं. लग्न होऊन लोणावळ्याला आली तरी आई त्या दिवसांत मळवलीला जायचीच. गुडघाभर चिखलातून परत यायची तेव्हा तिचा चेहरा जसा असायचा तसा मी एरवी कधी पाहिला नाही. मी तिची एकुलती लेक आणि तरी मला त्या खाचराचा हेवा वाटायचा.

तर एकदा ऐन आवणीत हे मामा आमच्या गाळ्यात आले, पायांवरचा चिखल तसाच.

"भाऊ, तुमचा पेपर बंद करा," दारातूनच म्हणाले.

वडिलांनी त्यांना बसवलं. पाणी दिलं.

"रोज एक एजंट येतोय. बूट घालून बांधावर हुबा ऱ्हातोय आन् म्हनतोय, काय भाव? आमी रोप लावतोय आन् ह्यो भाव इचारतोय! इकणाऱ्यांचं तुमी छापताय. ज्याला इकायचं न्हाई त्याचं का न्हाई छापत?"

वडील हसले. मग हसायचे थांबले आणि त्याच आठवड्यात शेवटच्या पानावर चौकट टाकली. वर ठळक अक्षरात ‘विकणे नाही’. खाली गावाचं नाव आणि खाचराचं नाव, बस्स. याचे पैसे घ्यायचे नाहीत असं त्यांनी ठरवलं. विकणाऱ्याकडून घेतो तेवढं पुरे, म्हणाले.

घरी आईला सांगितलं तर ती म्हणाली, "माझं बी घाला. आन् पयल्यांदा घाला."

त्यामुळे मामांची तक्रार, मामांची कल्पना, आणि पहिली ओळ मात्र आईची. ‘मळवली : करंजाचे खाचर.’ दुसरी ओळ मामांची. माहेरच्या भावाने तेवढं सोडलं.

हळूहळू लोक यायला लागले. कार्ल्याकडचे, पवनेकडचे, कुणी डोंगरावरच्या वाडीतलं. त्या वाडीतल्या एका मावशीचा वरईचा तुकडा इतका उभ्या चढावर होता, की तो कुणी विकत मागितला असेल असं आम्हाला वाटेना. वडिलांनी विचारलं, "मावशी, कुणी आलं होतं का विचारायला?" ती म्हणाली, "आलं न्हाई. पन सगळ्यांचं छापताय तर आमचं बी छापा की." छापलं. चौकट वाढत वाढत अर्ध्या पानापर्यंत चढली. त्या पानाला एक पैसा मिळत नव्हता, पण वडील तेच पान सगळ्यात आधी जुळवायचे. खरं तर जुळवायचंही नसे. इतर मजकुराचे खिळे छपाईनंतर सुटे करून परत खणांत टाकायचे, पण या ओळी तशाच दोऱ्याने बांधून ठेवलेल्या. दर आठवड्याला उचलायच्या आणि लावायच्या.

एक गोष्ट मात्र आमच्या कुणाच्याच डोक्यात आली नाही, आणि मला अजून तिचा राग येतो. एजंट तो कोपरा वाचत होते. हसत नव्हते, नीट वाचत होते. कुठल्या गावात कुठलं खाचर अजून शिल्लक आहे हे त्यांना आयतं घरपोच मिळत होतं. आम्ही ‘येऊ नका’ म्हणून छापत होतो आणि ते पत्ता म्हणून वाचत होते. एका एजंटानेच पुढे कधीतरी चहा पिताना मोठ्या कौतुकाने हे सांगितलं, तेव्हा वडील कपातला चहा तसाच ठेवून बाहेर गेले. कोपरा बंद करायचं त्यांच्या मनात आलं होतं. पण ज्यांच्या ओळी होत्या तेच ऐकेनात. त्यांना शनिवारी आपलं खाचर छापलेलं बघायची सवय लागली होती.

एक्स्प्रेसवे झाला, जमिनींचे भाव चढले आणि ओळी गळायला लागल्या. ओळ काढायला माणूस स्वतः यायचा. निरोप पाठवायचा नाही, पोराला धाडायचा नाही, हे कुणी न ठरवता ठरलं होतं. आला की बसायचा नाही. दारात उभा राहून इकडचं तिकडचं बोलायचा, पावसाचं, जावयाचं. वडील समजायचे. न विचारता ती ओळ मागच्या पानावरून काढायचे आणि पुढच्या पानासाठी जाहिरात लिहायला घ्यायचे. नियमाप्रमाणे जागा बघायला जायचे, आणि जाहिरातीत गट नंबराशेजारी खाचराचं नावही घालायचे. मुंबईच्या गिऱ्हाइकाला त्या नावाचं काय पडलंय, असं मी म्हणायची. ते म्हणायचे, गिऱ्हाइकाला नसेल, पण खाचर आपलं नाव घेऊन जाऊ दे.

मग एके दिवशी मामा आले.

बराच वेळ बाहेर चिक्कीच्या दुकानापाशी उभे होते. मी पाहिलं होतं, पण मला वाटलं चिक्की घेतायत. आत आले तेव्हा हातात काही नव्हतं.

"पोरास्नी चिखलात उतरायचं न्हाई," म्हणाले. "एक बंगल्यावर वॉचमन हाय, एक टुरिस्ट गाडी चालवतोय. मी एकटा किती दिस?"

वडील म्हणाले, "खाली कुणाचं खाचर आहे, माहीत आहे ना?"

"म्हाईत हाय म्हून तर भाईर हुबा व्हतो इतका वेळ."

वडिलांना नाही म्हणता आलं असतं का, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. त्यांनी नाही म्हटलं असतं तर मामा एजंटाकडे गेले असते, एवढंच. त्यांनी जाहिरात छापली. पण शेवटी एक ओळ आपल्या पदरची घातली, ‘खालच्या खाचराचे पाणी या जागेतून जाते, मोरी मोकळी ठेवावी लागेल.’ जाहिरातीत अशी ओळ घालणारा पेपरवाला सगळ्या मावळात दुसरा नसेल. मामांनी ती वाचली आणि मान हलवली.

त्या शनिवारी आईने पेपर घेतला, आधी आपली ओळ वाचली. मग आयुष्यात पहिल्यांदा पुढचं पान उलगडून वाचलं. जेवण गार होत होतं. शेवटी म्हणाली, "मोरीचं घातलंत. बरं केलंत." आणि पेपरची घडी घातली.

घेणारा गृहस्थ भला होता. मोरीचं काय ते बघू, म्हणाला. पहिल्या पावसाळ्यात मोरी मोकळी होतीही. मग बंगल्याचं काम निघालं, दगडीच्या खाचरात मुरमाचा भराव पडला, कंपाउंडची भिंत उठली आणि डोंगराचं पाणी वळसा घालून रस्त्याच्या गटारात गेलं. आईच्या खाचरात रोप पिवळं पडलं. वडील तो जुना अंक घेऊन बंगल्यावर गेले, मी बरोबर होते. गृहस्थांनी आम्हाला बसवलं, चहा दिला, जाहिरात वाचली आणि अगदी सहज म्हणाले, "अहो, जाहिरातीतलं कुणी इतकं मनावर घेतं का?"

टाकीवर चढून तलाव बघणाऱ्या माणसाला हे ऐकावं लागलं. येताना ते स्कूटरवर मागे बसले होते. वलवणच्या वळणावर मला माझ्या पाठीला त्यांचं कपाळ टेकलेलं जाणवलं. मी गाडी हळू केली, बस्स.

त्यानंतरही आईची ओळ दर शनिवारी येत राहिली. खाचरात गवत वाढलं, तरी ओळ यायची. ट्रेडल मशीन गेलं, कॉम्प्युटर आला, खिळे भंगारात गेले. वडिलांनी आईच्या ओळीचे खिळे तेवढे बांधलेले घरी आणले, ते अजून तिच्या शिवणाच्या डब्यात आहेत. कोपऱ्यातल्या बाकीच्या ओळी एकेक करून गेल्या. वरईवाली मावशी शेवटपर्यंत टिकली, मग तीही गेली आणि तिचा मुलगा येऊन ओळ काढून गेला. ‘विकणे नाही’ असं मोठं ठळक शीर्षक आणि खाली एकच ओळ, असा तो कोपरा झाला. वडील वारले त्या आठवड्यातही मी पेपर काढला, कारण शनिवारी आईने तो मागितला असता. तिने मागितला.

मग मी पेपर चालवत होते, म्हणजे तो कसाबसा माझ्याकडून चालवून घेत होता. लोक मोबाइलवर जागा बघायला लागले होते. माझा मोठा भाऊ, दादा, पुण्याहून फोन करायचा. "आई, पडीकच आहे ना ते? तुझं वय झालंय. तुझ्या नावावर आहे तोवर काहीतरी ठरव." तो वाईट बोलत नव्हता. आई म्हणायची, "बघू," आणि शनिवारी ओळ वाचायची. तिला खाचर ठेवायचं होतं. दुसरं काहीच नको होतं तिला, ना पैसे, ना पुण्याचा फ्लॅट. मला वाटायचं, पेपर आहे तोवर ती नाही म्हणत राहील आणि ती नाही म्हणत राहील तोवर मी पेपर काढीन. त्या काळात मी पेपर कशासाठी काढत होते याचं खरं उत्तर एवढंच आहे.

एका शुक्रवारी ती गाळ्यात आली. एकटी, रिक्षाने. गाळ्यात ती फारशी येत नसे. आली ती वडिलांच्या खुर्चीत बसली नाही. दारात उभी राहिली. चिक्कीवाल्याच्या सुनेबद्दल बोलली, गुडघ्याबद्दल बोलली. मला कळलं आणि मी कळलं नाही असं दाखवलं.

"काढ ती ओळ," शेवटी म्हणाली.

"नंतर बघू गं आई."

"काढ म्हनते ना. न्हाई म्हनायचं तर रानात कायतरी पिकाया पायजे. गवतासाटी किती दिस न्हाई म्हनू?"

कॉम्प्युटरवर ओळ काढायला काय लागतं? एक बटण दाबलं की गेली. वडील खिळ्यांची ओळ उचलायचे तेव्हा तिला निदान वजन तरी असायचं. मी रडले. आई रडली नाही. ती म्हणाली, "आता म्होरच्या पानाचं लिव." मी वडिलांसारखं विचारलं, खाचराचं नाव घालू का? "घाल. आन् पानी येत न्हाई ते बी घाल. मागनं कुनी बोलाया नको." तसंच लिहिलं. तरीही जागा गेली. हल्ली पाणी येत नाही ही तक्रार नसून बंगला बांधणाऱ्यांची सोय झाली आहे.

पेपर त्यानंतर थोडे दिवस निघाला. कोपऱ्याच्या जागी मी एका दातांच्या डॉक्टरची जाहिरात टाकली. पुढे तो छापायचा बंद करून नुसता व्हॉट्सॲपवर पाठवू लागले, आणि एका शनिवारी पाठवायला विसरले तर कुणीच विचारलं नाही. आता गाळ्यात झेरॉक्स आहे आणि भाडेकरार टाइप करून मिळतात. दोन्हीकडच्या भिंतींतून गुळाचा आणि शेंगदाण्याचा वास अजून येतो, पण मधली शाई नसल्यामुळे तो वास मला अपुरा वाटतो. शनिवारी दुपारी हात रिकामे होतात. कुठल्यातरी अनोळखी बंगल्याच्या खिडक्यांतून वडिलांच्या मागे मागे तलाव शोधत फिरावं, असं अगदी पोटातून वाटतं.

यंदा दिवाळीनंतर आईच्या माहेरी एक लग्न होतं. मळवलीला उतरलो, लग्न लावलं, जेवलो. परत स्टेशनकडे येताना आईने न सांगता रस्ता सोडला आणि आतल्या वाटेला लागली. मी मागोमाग गेले. किती वर्षं ती तिकडे गेली नव्हती.

करंज होता. कंपाउंडच्या आत होता, बुंध्याभोवती विटांचा कट्टा बांधलेला. मागे एक छोटासा, कौलारू, फार काही दिखाऊ नसलेला बंगला. आणि फाटकावर पत्र्याचा बोर्ड, हाताने रंगवलेला. आईने बोट हवेत धरलं आणि ओठ हलवत वाचायला लागली. ‘ही जागा विकणे नाही. एजंटांनी चौकशी करू नये.’

वाचून झाल्यावर ती तशीच उभी राहिली. मला तिच्याकडे बघवेना.

आतून एक बाई आल्या, साठीच्या, हातात पाण्याची नळी. आम्हाला बोर्डापाशी बघून त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"अहो, खरंच विकायचं नाहीये. बोर्ड लावलाय तरी रोज कुणीतरी येतं. यांच्यामागे एकटीच राहते मी, म्हणून सगळ्यांना वाटतं विकेल. कितीदा नाही म्हणायचं माणसाने?"

मी सांगणार होते आम्ही कोण ते. आईने माझा हात दाबला.

"बाई, एकदा म्हनून भागत न्हाई," ती म्हणाली. "दर आठवड्याला म्हनाया लागतं. आन् बोर्ड रंगवत ऱ्हावा. हितला पाऊस अक्षरं खातो."

बाईंच्या कपाळावरची आठी गेली. त्यांनी पाणी हवं का विचारलं. आईने नळीखाली ओंजळ धरली आणि पोटभर प्यायली.

लोकलला वेळ होता. बाकावर बसलो. आई म्हणाली, "पेपर असता तर तिचं छापलं असतंस?"

"छापलं असतं की."

"पैशे?"

"फुकट. आणि तुझ्या ओळीखाली, दुसरं."

आईने मान हलवली. पदराने ओले हात पुसले.

"माझं कुटं ऱ्हायलंय आता," म्हणाली. "तिचंच घाल पयलं."